पूर्ण पत्ता

इरफान मुजावरचा फोन आला तेव्हा दूध गॅसवर होतं
आणि खाली कॅनॉलच्या रस्त्यावर कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं,
त्याचं ते टूं टूं टूं.
"मॅडम, एलएससुद्धा सापडत नाही म्हणतंय."
पाषाणच्या सर्व्हर रूममध्ये एसी सतरावर असतो.
तरी त्याच्या आवाजाला घाम फुटलेला.

काय केलंस?
"काही नाही."
काही नाही म्हणजे नेमकं काय केलंस?
"बॅशआरसीत एक ओळ घातली. पाथ बरोबर माझं फोल्डर."
आणि डॉलर पाथ?
फोनमधून पंख्यांची घरघर तेवढी आली.

अरे, सगळं जिथल्या तिथे आहे.
एलएस आहे, कॅट आहे, एक बाइट इकडची तिकडे नाही.
तू फक्त शेलला सांगितलंस
की जगात एकच घर आहे, तुझं,
आणि तो बिचारा त्याच घरात शिरून
सगळ्यांना हाका मारून परत येतोय.

सीडी चालतं का बघ.
"चालतं."
चालणारच. ते शेलच्या पोटातलं,
त्याला शोधायला बाहेर जावं लागत नाही.
एकोचंही तसंच. लिही: एको, स्पेस, टिंब, बी, चांदणी.
"चांदणी?"
आठाच्या डोक्यावरची.
आणि आल्या फाइली, टिंबाआड दडून बसलेल्या:
बॅश हिस्टरी, बॅश प्रोफाइल, बॅशआरसी,
आणि एक बॅशआरसी डॉट ओव्हाळ.

ओव्हाळ सरांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली.

आता नॅनोला बोलाव, पण नुसतं नाव घेऊन येणार नाही तो.
तिरकी रेघ, यूएसआर, तिरकी रेघ, बिन, तिरकी रेघ, नॅनो.
कुरिअरवाल्याला आम्ही वडगावात सांगतो ना,
सर्व्हे नंबर, सोसायटी, गिरणीच्या मागे, दुसरा जिना,
तसं.
"आला! मॅडम, आला!"
वाच. वरून. मोठ्यानं.

तो वाचत गेला.
'जेवण' नावाचा एक एलियस, स्क्रीनला कुलूप लावणारा.
भंगारात गेलेल्या कुठल्याशा यंत्राचं फोल्डर,
पाथमध्ये अजून मानानं पहिलं.
मग इंग्रजी अक्षरांत मराठी:
'ही ओळ काढल्यास प्लॉटर रुसतो. का, ते विचारू नये. ओव्हाळ.'
तो प्लॉटर मी पाहिलेलाही नाही.
मग जरा थांबून,
"इथं 'तात्पुरते, सोमवारी काढणे' असं लिहिलंय.
खाली तुमचं नाव आहे."
कुठला सोमवार?
"तारीख नाही."

हसून घे.

आता तुझी ओळ. बरोबरच्या चिन्हापुढे
डॉलर पाथ, मग कोलन, मग तुझं फोल्डर.
"माझं आधी ठेवलं तर?"
ठेव की. मग त्यात एलएस नावाचं काही करून ठेवू नकोस,
नाहीतर परत मला उठवशील.

"आणि बाराचं काम, मॅडम? बारा वाजून गेले."
झालं असणार ते.
क्रॉन यातली एकही फाइल वाचत नाही,
रोज कोऱ्या डोक्यानं उठतो
आणि ज्याला त्याला पूर्ण पत्त्यानं बोलावतो.
ओव्हाळ सरांनी त्याला तसंच लिहून दिलंय.

सेव्ह केलंस? थांब, बाहेर पडू नकोस.
दुसरी खिडकी उघड, तिच्यातून लॉगिन करून बघ.
पहिली तशीच राहू दे.
ती बंद केलीस आणि कुठे स्पेस चुकलेली असली
तर मला रिक्षा करून पाषाणला यावं लागेल.

दूध कधीच उतू गेलेलं.
फोन खांद्याला दाबून मी ओटा पुसत होते,
पलीकडे त्याच्या बटणांचा आवाज,
पासवर्ड एकदा चुकला,
मग पुन्हा, सावकाश, एकेक अक्षर.