सोळा आणे

पर्लकोटा ओलांडली तेव्हा आम्ही अकरा जण होतो.
दोन डोंगे, तीन पायांचं एक टेबल,
तांदूळ, मीठ, कोयनेल,
आणि तेहतीस फुटांची शंकू साखळी.
महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली होती.
देवपुजारी साहेबांच्या कागदावर
नदीपलीकडे नुसतं पांढरं.
"हे भरायचं," ते म्हणाले,
जसं कोणी रांजण भरायला सांगावं.

माझं काम बारीक.
रोज सकाळी अकरा फुटी बांबू जमिनीवर तीनदा टाकायचा,
शेजारी साखळी ताणायची,
जुळली की ओरडायचं: सोळा आणे!
साहेब दुरूनच मान हलवायचे.
मग दिवसभर येनाधावड्यांतून ओढत न्यायची,
पुढचं टोक सुखदेव चहांद्याच्या हातात,
मागचं माझ्या.

चौथ्या दिवशी मिठाचं पोतं नदीत गेलं.
सहाव्या रात्री डोंग्याचा दोर.
तुटला नव्हता. कापला होता,
विळ्यानं काकडी चिरावी इतका सरळ.
बांबूच्या निशाण्या रात्रीतून सरकू लागल्या,
दोन-चार हात, डोंगराकडे.
माणसं झाडाला पाठ लावून जेवू लागली.
तुकडू बावणे आधी स्वतः घास घ्यायचा,
मग वाढायचा.
त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

साहेबांनी कोमटी पुंगाटीला धरलं.
वाट दाखवणारा तो,
म्हणजे चुकवणाराही तोच.
दोर नव्हता, म्हणून साखळीनंच हात बांधले.
तो काही बोलला नाही.
सकाळी तो नव्हता.
साखळी तिथंच, गुंडाळून ठेवलेली,
आम्ही ठेवायचो त्याहून नीट.

त्यानंतर नाला उतरावा तर पुन्हा तोच नाला.
तापानं दोघं गेले. एकाला मोहाखाली पुरलं,
दुसऱ्याला पुरलं ती जागा
नकाशावर कुठं येते, साहेबांनाही सांगता आली नाही.

बाराव्या सकाळी बांबू तिसऱ्यांदा टाकला
आणि तो साखळीच्या पुढं चार बोटं गेला.
पुन्हा टाकला.
चार बोटं.
पलीकडच्या टोकाशी सुखदेव उकिडवा,
गवताच्या काडीनं दात कोरत,
माझ्याकडं बघतसुद्धा नव्हता.
"काय रे?" साहेब ओरडले.
माझ्या तोंडातून निघालं,
सोळा आणे.

का, ते मला अजून सांगता येत नाही.
कोमटीच्या गावात एका म्हातारीनं
जाव्याचा तुंबा पुढं करत काहीतरी विचारलं होतं.
कोमटीनं मराठीत सांगितलं:
मोजून झाल्यावर काय करता, म्हणते.
सगळे हसले. सुखदेव हसला नव्हता.
पण त्यासाठीच, असं मी म्हणणार नाही.

परतीच्या वाटेवर, लाहेरीच्या अलीकडं, तो पडला.
लघवी काळी झाली होती.
"मले पानी दे," म्हणाला.
मग बऱ्याच वेळानं,
"कोमटीले सांगजो."
काय, ते राहिलं.
त्याच्या चंचीत सुपारी, अडकित्ता,
आणि लोखंडाच्या बारक्या कड्या. अकरा.
कोणी बघायच्या आत
मी चंची कमरेला बांधली.

साखळी आखूड झाली की जमीन कागदावर लांब होते.
चांद्याच्या कचेरीत तो नकाशा लागला,
हिरवा, देखणा, फुगलेला.
ठेकेदाराची माणसं तो घेऊन रानात शिरली
आणि नसलेली झाडं मोजत फिरली,
एक हंगाम तरी.
असलेली पुढच्या हंगामात सापडलीच.

सहा-सात वर्षांनी भामरागडच्या बाजारात
कोमटी चारोळी विकायला बसलेला.
ओळखलं की नाही, कळू दिलं नाही त्यानं.
मी मीठ पुढं केलं.
त्यानं माप शिगोशीग भरलं,
वर आणखी एक ओंजळ घातली.
मनगटं उघडी होती त्याची.
मी चारोळीकडं बघत राहिलो.
अकरा कड्या कमरेला होत्या,
आणि सांगायचं ते
मलाच माहीत नव्हतं.