हिरवी तार

लष्करात, नया बाजारच्या मागल्या गल्लीत,
जानेवारीतली सकाळ. धुकं इतकं दाट
की किल्ला आज जागेवर आहे का,
कुणाला तरी विचारून घ्यावं.

जगदाळे मॅडम गच्चीच्या दारात उभ्या,
एका हातात काठी, दुसऱ्या हातात टॉर्च.
"भापकर, सातव्यांदा पडलं हो," म्हणाल्या,
जणू बटण नव्हे, घरातलं पोर पडलं.

टब पत्र्याखाली, लोखंडी घोडीवर.
मुलीनं दोन हिवाळ्यांपूर्वी पाठवलेला.
त्यात गुडघे बुडवून बसतात त्या अर्धा तास.
रेल्वेच्या संघात गोल राखलेले गुडघे;
डॉक्टर म्हणतो बदला,
त्या म्हणतात, आधी पाणी तर तापू दे.

शेजारणीचा भाचा सांगून गेला होता,
आंटी, ते ट्रिपवालं डबडंच काढून टाका,
सीधी लाइन जोडा, कटकट खतम.
त्यांनी काढलं नाही.
"जाळीसमोरून गोलकीपर हटवा म्हणतोय, बावळट."

मग मी लागलो.
पंप सोडवला, तरी बटण पडलं.
दिवा सोडवला, तरी पडलं.
हीटर सोडवला, तर उभं राहिलं खांबासारखं.
पाणी गार झाल्यावर हीटर परत जोडला,
तरी उभंच!
गार असताना अगदी सज्जन माणूस.
चहा आला, मुरैन्याची गजक आली,
मी घड्याळ बघत बसलो.
अकराव्या मिनिटाला, पाणी जेमतेम कोमट,
टक्.

काही दुखणी तापातच बोलतात.

एलिमेंट बाहेर काढलं. अंगावर बोअरिंगच्या पाण्याचा
पांढरा थर, दगडासारखा. खरवडला,
तर खाली चीर, केसाएवढी.
तापली की उघडते, निवली की मिटते.

इथंच काम संपायचं:
नवं एलिमेंट, नवा वॉशर, बिल, नमस्कार.
पण मॅडम सहज बोलून गेल्या,
"त्या घोडीला ओला हात लागला ना,
की मुंग्या येतात. वयामुळे असेल."

वयामुळे मुंग्या पायाला येतात, मॅडम,
लोखंडाला नाही.

टाकीमागचा जुना डबा उघडला,
टबाच्याही आधीचा, कूलरसाठी बसवलेला पॉइंट.
काळी तार जागेवर. लाल जागेवर.
हिरवी
कुठंच गेलेली नव्हती.
वीतभर, नीट दुमडून, टेप लावून
डब्यातच झोपवलेली, देखाव्याची.
टेपचे तीन वेढे, आणि शेवटचं टोक उलटं मुडपलेलं,
पुढच्या माणसाला नखानं सोडवता यावं म्हणून.

असं टोक मुडपणारा माणूस
उभ्या ग्वाल्हेरात एकच.
उस्ताद हसायचे मला त्यावरून.

तेव्हा सव्वीसचा होतो. मे महिना होता.
तीन मजले तिसरी तार ओढायची, त्या उन्हात,
आणि कूलरला अर्थिंग विचारतो कोण?

वाट दिली नाही तरी करंट वाट काढतोच.
ओल्या स्लॅबमधून, घोडीच्या पायांतून,
जे मध्ये येईल त्याच्यातून.

पेरूखालचा खड्डा उकरला,
कोळसा घातला, मीठ घातलं, चार बादल्या पाणी.
संध्याकाळपर्यंत हिरवी तार ओढत राहिलो
तळापासून गच्चीपर्यंत, एका दमात नाही,
गुडघे माझेही काही नवे नाहीत.

बिलात फक्त एलिमेंट आणि वॉशर लिहिला.
मॅडमनी चष्मा लावून दोनदा वाचलं.
"आणि तारेचे?"
"तारेचे झाले, मॅडम. मागेच."
बराच वेळ बघत राहिल्या माझ्याकडे.
"गोलकीपर चेंडू नाही बघत, भापकर,
स्टिक बघतो. कुणाची आहे ते."
पैसे मोजून दिले. वर गजकची पुडी.

डब्याचं टेस्ट बटण दाबून दाखवलं त्यांना. टक्.
दर महिन्याला एकदा दाबा, म्हटलं,
पडलं की समजा सगळं ठीक.

आता स्कूटरवर, धुक्यात, हेडलाइटच्या हातभर उजेडात
घरं आठवतोय:
दौलतगंजात दोन, माधवगंजात तो दवाखाना,
मुरारला एक, दाराशी कडुनिंब असलेलं.
त्या मे महिन्यात
किती कूलर बसवले होते मी?