बुधवारचं पाणी

सकाळी सहाला मी पाणी मोजते.
सरबताच्या जुन्या काचेच्या बाटलीत
नेलपॉलिशच्या लाल रेघेपर्यंत: सातशे.
चहा त्यातलाच, गोळ्यांचा घोट त्यातलाच,
आमटी पातळ झाली तर तीही त्यातलीच.

मंगळवार, गुरुवार, शनिवार मशीनचे.
रविवार प्रभूचा.
सोमवारी पाय सुजतात.
शुक्रवारी रेशन, बँक, मंडळीतल्या भगिनी.
उरतो तो बुधवार.

बत्तीस वर्षं वॉर्डात दुसऱ्यांचं पाणी लिहिलं,
आत किती, बाहेर किती,
दर आठ तासांनी बेरीज.
आता तक्ता माझाच आहे
आणि हात जरा कापतो.

पप्पा नगरकडच्या खेड्यांत सायकलवरून उपदेशाला जायचे.
रानातल्या मान्न्याची गोष्ट सांगताना नाक दाबायचे:
उद्यासाठी लपवून ठेवला ना,
बघा, मडक्यात अळ्या!
पोरं हसायची. मीही.
अकरा वर्षं मी एक वाक्य मडक्यात ठेवलंय,
शांतवनला म्हणायचं.

भांडण पप्पांच्या पेटीवरून.
मी म्हटलं होतं, तू ती न विचारता नेलीस.
तो म्हणाला, तू दफनाला दुसऱ्या दिवशी पोचलीस.
दोन्ही खरं होतं,
म्हणून दोन्ही लागलं.

प्रभुभोजनाआधी पाळक क्षणभर थांबतात.
ज्याच्याशी बिनसलंय, त्याला आठवायचं असतं.
मी आठवते
आणि प्याला घेते.

आज गोळ्यांची डबी भरताना
बुधवारच्या खणात बोट अडकलं.
दर्शन नाही, वाणी नाही.
एवढंच आठवलं, की काल शेजारच्या पलंगावर
ब्रिजेटबाई नव्हत्या.
रुबिनाने चादर बदलली.
कुणीच काही विचारलं नाही.

भायखळ्याहून अँटॉप हिलची बस घेतली.
राणीच्या बागेपाशी सिग्नलला
उतरून परत जावंसं वाटलं, दोनदा.
पिशवीत बाटली, बाटलीत दोनशे.

दार त्यानेच उघडलं. बनियनवर, कवळी न लावता.
“ये,” म्हणाला,
जणू मी कोथिंबीर आणायला गेले होते.
पेटी खिडकीखाली होती.
तिच्यावर लोणच्याची बरणी, बीपीच्या गोळ्या,
कुकरची जुनी शिट्टी.
भाता उंदरांनी खाल्लेला.
“वाजत नाही,” तो म्हणाला. “सहा वर्षं झाली.”

मडक्यात हात घातला.
वाक्य होतं तिथे, पण त्याला असा वास येत होता
की मीच ते टाकून दिलं.
म्हटलं, “मी उशिरा आले होते.”
तो म्हणाला, “साखर?”

मग कप घेऊन आला, काठोकाठ,
आलं ठेचून, पप्पा करायचे तसा.
दीडशे. मला बघूनच कळतं.
त्याला माझ्या मूत्रपिंडांचं काहीच माहीत नव्हतं.
डावा हात मी पदराखाली ठेवला,
अर्धाच दे म्हणणार होते,
पण मग ती दुपार आजाराची झाली असती.
सगळा प्यायले.
बशीत सांडलेलाही.

रात्री गोळ्यांपुरतं पन्नास उरलं.
जीभ टाळूला चिकटलेली.
गुडघे टेकवत नाहीत, तेव्हा पलंगावर बसूनच
लहानपणापासून पाठ असलेली भाकरीची प्रार्थना म्हटली
आणि पहिल्यांदाच त्यातल्या “आज”पाशी अडले.
मागायला उशीर झाला होता, प्रभू.
दिवस तर खाऊन झाला होता.

उद्या मशीन चार तासांत
तो चहाही काढून घेईल.
घेऊ दे.
बाटली विसळली.
लाल रेघ एका बाजूने निघालीये, पुन्हा ओढायला हवी.
ओट्यावर पालथी घातली.