एल-वन

निविदा उघडली तेव्हा आमचा भाव सगळ्यांत खाली होता,
म्हणून मकरपुऱ्याच्या शेड नंबर चारशे अकराला
आकाशाचं काम मिळालं.

त्याआधी आम्ही डेअरीचे व्हॉल्व्ह करायचो.
हसमुखभाई पंचालांनी पेढे वाटले,
मग केबिनचं दार लोटून हळूच विचारलं,
सुलभाबेन, नव्वद दिवसांत बारा?
बुटाच्या खोक्याएवढे आहेत, मी म्हटलं,
पण बूट नाहीत.

मी मापं घेते. सव्वीस वर्षं
मायक्रोमीटरच्या जबड्यात धातू धरून सांगते
हो किंवा नाही.

मेजर पुनिया आले. सेवउसळ खाल्ली, नाक पुसलं,
आणि कागदी रुमालावर पृथ्वी काढून दाखवली.
पूर्वी एकाला सात वर्षं लागायची, मॅडम.
तोवर चौकीतली माणसं बदललेली,
समोरच्या खिंडीत रस्ता झालेला,
आणि आमच्याकडे फोटो जुन्या बर्फाचा.
आता देखणा नको, लवकर हवा. स्वस्त हवा. पुष्कळ हवेत.
तीन वर्षं टिकला तरी भरून पावलो.
तुमच्या उत्तरायणासारखं समजा,
एक कापला की दुसरा चढवायचा,
फिरकी रिकामी राहता कामा नये.

मला ते पटलं.
पटलं म्हणूनच राग आला.
माझे वडील मांडवीजवळ तराजू दुरुस्त करायचे,
आमच्या घरात 'तीन वर्षं टिकेल'
ही शिवी होती.

पण काम सुरू झालं.
बॅटऱ्या बाजारातल्या, चिपा गाडीच्या वायपरच्या जातीच्या,
भिमसिंग राठवा रात्री मिलिंगवर उभा,
अ‍ॅल्युमिनियमचा कीस त्याच्या भुवयांत अडकलेला,
घरी छोटा उदेपूरला मका काढायचा राहिलेला.
थरथराटाच्या टेबलावर एकेक खोकं
असं हलायचं
की खिडकीतली तावदानं बोलायला लागायची.

सातव्याची एक कड चाळीस मायक्रॉन जास्त निघाली.
केसाच्या निम्मं.
पुन्हा घासायला वेळ नव्हता, ट्रक गुरुवारी निघणार होता.
हसमुखभाई म्हणाले, जाऊ दे ना बेन,
तीन वर्षांचाच तर प्रश्न आहे.
मी दोनदा मोजलं. हात धुऊन तिसऱ्यांदा.
मग लाल शाईनं लिहिलं: नाही.

मेजरना फोन मीच केला.
वाटलं होतं, ओरडतील,
देश, सीमा, वेळ, सगळं काढतील,
मी उत्तरंही तयार ठेवली होती.
ते म्हणाले, ठीक आहे. अकरा पाठवा.
एक-दोन गळणार, हे धरलेलंच असतं.

फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ
मी मायक्रोमीटर नुसताच फिरवत बसले,
उघड, मीट.
माझा नकारही
त्यांच्या भावात आधीच बसलेला होता.

आज उत्तरायण. दांडिया बाजारातल्या गच्च्या भरल्यात.
वरून अकरापैकी एखादा जात असेल,
दिसत नाही. त्याला आम्ही दिसत असू:
रंगीत ठिपके, हलणारे, बिनकामाचे.
शेजारच्या मोहित्यांच्या पोराचा पतंग कापला गेला,
तो कुठे पडला हे त्यानं पाहिलंसुद्धा नाही,
दातांनी कन्नी बांधत होता पुढच्याची.
मी म्हटलं, अरे, बघ तरी.
तो म्हणाला, कशाला?

सात नंबर माझ्या टेबलावर आहे.
त्यात मी पेन्सिली ठेवते.
तो टिकेल.