अधिक बरोबर

लिएपायाच्या बंदरात एक फिरता पूल आहे.
जहाज आलं की तो बाजूला होतो,
मागे सायकली, मासळीची गाडी, शाळेची पोरं
खोळंबतात, वाऱ्याकडे पाठ करून.

त्याला फिरवणारा प्रोग्रॅम स्कायद्रीते सांभाळते.
काल बिल्डच्या फायलीत तिला एक ओळ सापडली:
फ्लॅग्ज, मग बरोबरचं चिन्ह,
पुढे वेगाचा एकुलता एक पर्याय.

अधिक नव्हतं.
बरोबरच्या आधी एक छोटंसं अधिक असतं
तर सिस्टिमने नेमलेले पहारे जागेवर राहिले असते,
त्यांत हा एक मिळाला असता.
नुसत्या बरोबरने सगळ्यांना घरी पाठवलं.
पंधरा वर्षं ती ओळ बरोबर होती
आणि चूक.

शेजारी आद्याक्षरं, आइवार्सची.
दोन हजार नऊचा डिसेंबर:
पगार कापलेले, हीटर अर्ध्यावर,
कंपायलर नवा, पडदाभर इशारे.
'तात्पुरतं', त्याने लिहिलंय.
मार्चमध्ये तो कॉर्कला गेला, कोंबड्यांच्या कारखान्यात.

तिने अधिक घातलं.
बिल्ड झाला, चाचण्या हिरव्या.
घरी जाऊन ती बीटाचं सूप प्यायली.

सकाळी सहा दहाला पूल अर्ध्यात थांबला.

येणाऱ्या नावेचं नाव वीस अक्षरांचं होतं.
आत जागा सोळांची.
इतकी वर्षं उरलेली अक्षरं
शेजारच्या घरात गुपचूप शिरत होती,
आणि लांब नावाचं जहाज गेलं की
पूल बोटभर तिरका लागायचा.
म्हातारा गुंटिस पहारीने तो सरळ करायचा.
खारी हवा, म्हणायचा.

आता मध्ये कॅनरी बसवलाय,
खाणीत न्यायचे तसला पक्षी, फक्त आकड्यांचा.
तो काहीच दुरुस्त करत नाही.
मरतो,
आणि त्याबरोबर काम थांबतं.

बंदर कचेरीतून फोन: "काल तर चालत होतं!"
"हो," ती म्हणाली, "काल चालत होतं."

सोळाच्या जागी तिने चौसष्ट केले, लांबी तपासायला लावली.
अधिक तसंच ठेवलं.
नऊला पूल लागला. गुंटिस पहार घेऊन आला,
फटीत बोट घालून पाहिलं,
आणि काही न बोलता परत गेला.

दुपारी तिने आइवार्सला लिहिलं:
तुझं तात्पुरतं आज संपलं.

पाळी सुटल्यावर उत्तर आलं:
गुंटिसकडे अजून तीच पहार आहे का?
मीच आणून दिली होती.