तळाला काय लावायचं

सगळं झालंय.
दारं बसली, बिजागऱ्यांची कुरकुर थांबली,
मागचं झाकण उचललं की स्टोव्ह, दोन पातेली, चहाचा डबा.
राहिलंय ते खालचं,
मी झोपले की माझी पाठ आणि रस्ता यांच्या मधे असणारं
अठरा मिलिमीटरचं प्लायवूड.
कोरडं, कोवळं.
त्याला अजून मीठ माहीत नाही.

मला आहे.
एकोणतीस वर्षं कारखान्यात कॉड साफ केला,
हातमोज्यांच्या आतसुद्धा पोचायचं मीठ.
न्यूफाउंडलंडात हिवाळाभर रस्त्यालाही मीठच चोळतात,
जणू त्यालाही खारवून ठेवायचंय
पुढच्या वर्षासाठी.

दुकानातला पोरगा म्हणाला, ट्रकच्या हौद्याला मारतात
तो रबरी लेप घ्या, आपटलेला खडा टणकन परत उडतो.
किंमत बघून मीच उडाले.
डोरीनचा जावई तेलाच्या फलाटावर रंगारी,
तिचा शब्द एकच : इपॉक्सी. काचेसारखं होतं म्हणे.
दीर म्हणाला, डांबर.
सेल्बी सगळ्यालाच डांबर सांगतो.
छप्पर गळतंय? डांबर.
बूट उलला? डांबर.
हेवर्ड गेला तेव्हा मात्र तीन दिवस गप्प होता,
बहुतेक डांबर कुठे लावायचं ते सुचेना.

आणि म्हातारा लिअँडर,
एकेकाळी खाडीतली निम्मी होडकी त्याच्या हातची,
आता वृद्धाश्रमाच्या खिडकीत :
जवसाचं तेल, त्यात पाइनच्या मुळांचा काळा अर्क.
बाकी काही नाही.
"पाणी येणारच, पोरी.
त्याला जायला वाट ठेवलीस का, ते सांग."

मग गेल्या हिवाळ्यात मी वीत-वीतभर तुकडे कापले,
चौघांचं ऐकून चार माखले,
पिकअपच्या पोटाखाली तारेनं बांधले.
पाचवा कोराच बांधला.
का, ते विचारू नका. तार उरली होती.

मेमध्ये, खाडीत शेवटचा हिमनग रेंगाळत असताना,
सोडवले.
रबर देखणं. कडेला नखाएवढी फट,
नख घातलं, तर संत्र्याच्या सालीसारखं सगळंच हातात,
खाली लाकूड चहात बुडवलेल्या पावासारखं.
इपॉक्सीला एकच टवका,
पण टवक्यामागे आत काळं पसरलेलं,
कुणाला न सांगितलेल्या दुखण्यासारखं.
डांबर कुरूप. पण ठीक. सेल्बीला सांगितलं नाही.
तेल-अर्काचा मधाच्या रंगाचा,
थोडा धुपलेला, वास शाबूत.
आणि कोरा : राखाडी, कडा उसवलेल्या,
तरी खडखडीत वाळलेला.

पिशवीत घालून लिअँडरकडे नेले.
डोळ्यांना दिसत नाही फारसं, त्यानं हुंगले.
कोऱ्यावर अंगठा फिरवत राहिला.
"हा कुणी सांगितला?"
"कुणीच नाही."
तो त्यानं ठेवून घेतला, खिडकीत, औषधांच्या बाटल्यांशेजारी.

आता मी ट्रेलरखाली उताणी,
हातात ब्रश, चष्म्यावर थेंब.
हे दर वर्षी करावं लागेल.
एकसष्टाव्या वर्षी असला वायदा करणं
हिशोबात बसत नाही.
केला.

सेल्बी डबा घेऊन आलाच.
दोन्ही चाकांच्या वरच्या कमानी त्याला देऊन टाकल्या,
तिथे खडे गोळीसारखे लागतात, तिथे डांबरच बरं.
तोही घुसला खाली, कण्हत, गुडघे मोडत.
तळाखाली तोंड दिसत नाही एकमेकांचं.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
"हेवर्डला आवडला असता हा वास."
मी म्हटलं, "तुझ्या डांबराचा नसता आवडला."
पलीकडे ब्रश थांबला.
मग एक नाक ओढल्याचा आवाज,
आणि ब्रश पुन्हा सुरू.