नाळे बा

तू म्हणालास, खरं लिही.
मी लिहिलं.
एवढंच झालं बघ.

सोमवारी, अक्कोळ रोडच्या गोदामात,
शिवलिंग कारकुनानं इरव्वाच्या सुपातून
चार कट्टे उचलले, छाटीच्या बुट्टीत टाकले,
न बघताच, जेवता जेवता माशी हाकलावी तसे,
आणि म्हणाला, लिही, शंभर बाद.
वही माझ्या हातात होती.
विड्या चांगल्या होत्या. बारीक, घट्ट, तोंडं नीट मुडपलेली.
इरव्वाला एका डोळ्यानं दिसत नाही,
पण बोटांना दिसतं.
मी लिहिलं: बाद, शून्य.

मला वाटलं, आता काहीतरी उघडेल.
समुद्र नव्हे, निपाणीत कुठला समुद्र,
निदान गोदामाचं मागचं दार.

उघडलं ते मालकाचं तोंड.
मंगळवारपासून पान कमी.
हजार विड्यांना जेवढं लागतं
त्यातलं पाव काढून घेतलं, सगळ्यांचंच.
हजार मात्र हजारच.
उरलेलं बाजारातून विकत घ्या म्हणे,
खरेपणा परवडतो तर पानही परवडेल.

बायका आता माझ्याशी बोलत नाहीत.
बोरिंगवर माझी घागर टेकली
की रांग दोन्ही बाजूंनी सरकते.
नूरजान, जिच्या पोरीला मी पाढे शिकवले,
परवा उंबऱ्यात उभी राहून म्हणाली,
सुवार्ता, तुझ्या शून्याला फोडणी देऊन खायचं होय आम्ही?
इरव्वा काहीच बोलली नाही.
कोपऱ्यात बसून दोन फाटकी पानं जोडून वळत होती.
जोडाची विडी बाद होते,
हे तिला माझ्या जन्माआधीपासून ठाऊक आहे.

देवा, मला शिक्षा केली असतीस तर कळलं असतं.
वही माझी, बोटं माझी.
त्यांचं पान कशाला काढलंस?
आज्ञा मला आणि उपास त्यांना,
हा हिशेब कुठल्या वहीत बसतो?

रविवारी देवळात पाळकसाहेब म्हणाले, बाई, ही परीक्षा आहे.
म्हटलं, असेल.
पण पेपर माझा, मग नापास इरव्वा कशी?
ते चष्मा पुसत राहिले.
चांगला माणूस. उत्तर नव्हतं, म्हणून चहा दिला.

वही काढून घेतलीय माझी. तरी रोज जाते.
पान पुरं द्या, मग मला काय करायचं ते करा, म्हणते.
शिवलिंग मान वर न करता म्हणतो, नाळे बा.
उद्या ये.

आमच्या गल्लीत लहानपणी हेच
दारावर खडूनं लिहीत,
रात्री हाक मारत फिरणाऱ्या भुतासाठी.
त्यानं वाचायचं, माघारी जायचं.
दुसऱ्या रात्री यायचं, पुन्हा तेच वाचायचं.
बिचारं भूत.
आज्ञा पाळून पाळून दमलं असेल.
आता वाटतं,
तुझ्या दारावरही कुणीतरी तेच लिहून ठेवलंय,
आणि अक्षर तुझंच आहे.

रागावलेय मी. लपवत नाही.
पण शून्य खोडणार नाही.
खोडायला वहीच नाही, असं म्हणून
हसूही आलं मला काल, पहिल्यांदा.

काल रात्री कडी वाजली.
इरव्वा.
भिंत चाचपत आली होती, अख्खी गल्ली ओलांडून.
आत ये म्हटलं तर आली नाही.
अर्धं तिच्या बोलीत, अर्धं माझ्या, म्हणाली,
नाळे नानू बर्तेनि. किती वाजता जातेस?

हे तुझं उत्तर आहे का, मला माहीत नाही.
फार लहान आहे.
एका डोळ्याचं आहे.
पान अजून कमीच आहे,
आणि नूरजानच्या चुलीत काल धूर नव्हता, तो मी मोजलाय.

पण मी घोकून बघितलं रात्रभर,
नाळे बा, नाळे बा.
त्यात नको कुठेच नाही.

उद्या येते.
घरी राहा.